फोटो काढायला शिकूया, आपल्यासाठी
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले भाषण)

माझ्या सगळ्या तायांनो, मावश्यांनो, काकूंनो, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या आज्ज्यांनो,

आज बचतीचा हिशोब नाही आणि हप्त्याचीही आठवण नाही. अध्यक्षताईंकडून मी अर्धा तास मागून घेतलाय. आज आपण मोबाईलवर फोटो काढायचा आणि तो नीटनेटका करायचा, एवढंच शिकणार आहोत. मालाची जाहिरात, पापडाच्या पाकिटावरचं चित्र, हे सगळं फोटोतून होतं. पण त्याचं प्रशिक्षण वेगळं. आज फक्त छंद.

"छंद हे रिकाम्या माणसाचं काम गं," असं कुणीतरी म्हणेलच. पण मला सांगा, गोधडी शिवताना लाल तुकड्याशेजारी कोणता तुकडा ठेवायचा हे कोण ठरवतं? दारात रांगोळी काढल्यावर दोन पावलं मागं जाऊन आपण का बघतो? त्याचे कुणी पैसे देत नाही, तरी करतो. नजर आपल्याकडे आहेच, फक्त ती कॅमेऱ्याला लावायची आहे.

आता दुसरी गोष्ट. घरी गेल्यावर मोबाईल उघडा आणि फोटो कुणाचे आहेत ते बघा. पोरांचे, नातवाचे, पोळ्याला सजवलेल्या बैलाचे. आपला कुठला? आधार कार्डावरचा, पासबुकावरचा, नाहीतर मी अहवालासाठी काढलेला, ज्यात आपण सगळ्या ओळीत उभ्या असतो. गावात एखादी बाई गेली की फोटोची शोधाशोध होते. मग कुणाच्यातरी लग्नाच्या फोटोतून तिचा चेहरा कापून मोठा करतात, नाहीतर आधार कार्डावरचा घेतात. जन्मभर हसून बोललेली बाई भिंतीवर मात्र दचकल्यासारखी दिसते. तिच्या हाताची भाकरी, तिची गोधडी, तिचं शेतातलं काम, याचा तर एकही फोटो नसतो. कारण कॅमेरा तिच्या हातात कधी आलाच नाही.

म्हणून आजचं शिकणं. "मोबाईल पोराचा आहे" असं सांगू नका. संध्याकाळी पंधरा मिनिटं मागून घ्या. फोटो काढायला नेट लागत नाही, रिचार्ज संपलेला असला तरी चालतं.

आधी लेन्स पुसा. आपल्या हाताला पीठ असतं, तेल असतं, ते काचेला लागतं आणि फोटो धुरकट येतो. मऊ सुती कापडाने पुसा.

मग उजेड बघा, कारण फोटो म्हणजे उजेडच. सकाळचं कोवळं ऊन आणि मावळतीचा उजेड सगळ्यात चांगला. भर दुपारी डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, डोक्यावर पदर असेल तर चेहरा दिसतच नाही. अशा वेळी माणसाला उंबऱ्याच्या आत, सावलीत बसवा. तोंड बाहेरच्या उजेडाकडे हवं, पाठ उजेडाकडे नको. गोधडीचे टाके, वाळवणातल्या कुरडया दाखवायच्या असतील तर उजेड बाजूने येऊ द्या. टाक्याटाक्याची सावली पडते आणि वीण उठून दिसते.

लांबून दोन बोटांनी चित्र मोठं करू नका, त्याने फोटो फाटल्यासारखा होतो. चार पावलं चालत जवळ जा. लहान लेकराचा फोटो काढायचा तर खाली बसा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर या. रांगोळीचा काढताना मोबाईल बरोबर वरून, जमिनीला समांतर धरा, म्हणजे गोल लांबट होत नाही. बटण दाबण्याआधी पडद्यावर चेहऱ्याला बोट लावा, कॅमेऱ्याला कळतं की कुणाकडे बघायचंय. आणि मागचं बघा. आज्जी छान हसतेय आणि तिच्या डोक्यामागून चार्जरची वायर लोंबतेय, असं नको. एक पाऊल बाजूला सरकलं की काम होतं.

आता एडिटिंग. शब्द मोठा आहे, काम पाखडण्याचं आहे. दाणा ठेवायचा, फोल काढायचं. बऱ्याच मोबाईलच्या गॅलरीतच ही सोय असते. गूगलचं स्नॅपसीड नावाचं ॲपही फुकट मिळतं. तीन गोष्टी शिका, पुष्कळ झालं. पहिली 'क्रॉप', म्हणजे कडेचं नको ते कापणं. दुसरी 'रोटेट', म्हणजे तिरकी भिंत सरळ करणं. तिसरी 'शॅडोज', म्हणजे अंधारा भाग थोडा उजळवणं; पदराच्या सावलीतला चेहरा याने दिसायला लागतो. मूळ फोटो तसाच ठेवा आणि बदललेली प्रत वेगळी सेव्ह करा. बिघडलं तर पुन्हा पहिल्यापासून. यात काही मोडत नाही.

एक विनंती मात्र मनापासून करते. चेहरा गोरा करणारे, सुरकुत्या पुसणारे फिल्टर वापरू नका. उन्हात राबून आलेला रंग आपला आहे. मावशीच्या कपाळावरच्या रेषा पुसल्या तर फोटोत मावशी राहतच नाही, दुसरीच कुणीतरी दिसते.

भीतीबद्दलही बोलते, कारण ती खरी आहे. आपला फोटो कुणी वाईट कामाला वापरला तर? म्हणून काढलेला फोटो पाठवलाच पाहिजे असं समजू नका. छंद आपल्या मोबाईलमध्येही राहू शकतो. दुसऱ्या बाईचा फोटो काढताना तिला विचारा, आणि गावाच्या ग्रुपवर टाकायचा तर पुन्हा वेगळं विचारा. काढायला दिलेला होकार पाठवायला चालत नाही. कुणी त्रास दिलाच तर गप्प बसू नका. महिलांसाठी १८१ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक पाठ करून ठेवा.

हे आपल्याला जमेल का? होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ सालचा, नवसारीचा. त्या मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि आपल्या देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. सुरुवातीला त्यांनी काढलेले फोटो त्यांच्या नवऱ्याच्या नावाने छापले जायचे. त्याच होमाईंनी पुढे स्वातंत्र्याचे दिवस कॅमेऱ्यात टिपले आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. आणि शिक्षणाची अडचण सांगणाऱ्यांसाठी: अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेत १९८४ साली व्हिडिओचं शिक्षण सुरू झालं, तेव्हा ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं अशा बायाही कॅमेरा चालवायला शिकल्या.

तर पुढच्या सभेला येताना प्रत्येकीने तीन फोटो आणायचे. एक, आपल्या हाताच्या कामाचा. दुसरा, रोज दिसणाऱ्या पण कधी नीट न पाहिलेल्या एखाद्या गोष्टीचा: चुलीचा धूर, कौलातून येणारा कवडसा, काहीही. आणि तिसरा, घरातल्या किंवा शेजारच्या अशा बाईचा, जिचा एकही चांगला फोटो नाही. तिला उंबऱ्यात बसवा, गप्पा मारा, ती हसेल तेव्हा बटण दाबा. फोटो काढला कुणी ते नाव गटाच्या वहीत लिहायचं, स्वतःचं पूर्ण नाव. प्रिंटचा खर्च गटाने करायचा का, ते आपण सभेत ठरवू.

ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांनी सभेच्या दिवशी तासभर लवकर या. माझा मोबाईल तुमच्या हातात देते, आपण मिळून काढू.