मानेतील नळी आणि हातातील शीर
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



डायालिसिस म्हणजे निकामी मूत्रपिंडाचे रक्तशुद्धीचे कार्य यंत्राकडून करवून घेणे, हे आता आपल्या घराघरांत ठाऊक झाले आहे. त्यासाठी मिनिटाला सुमारे ३०० मिलिलिटर रक्ताचा ओघ लागतो. हाताच्या साध्या शिरेतून तो मिळत नाही. १९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, सिमिनो प्रभृती डॉक्टरांनी यावर उपाय प्रसिद्ध केला. मनगटाजवळील रोहिणी व नीला परस्परांस जोडावयाची, म्हणजे नीला फुगून बळकट होते. हीच फिस्च्युला. परंतु ती तयार होण्यास काही आठवडे, कधी काही महिने लागतात, आणि आपला रोगी रुग्णालयात पोहोचतो तो बहुधा धाप लागल्यावर! मग मानेतील मोठ्या नीलेत कॅथेटर घालण्यावाचून गत्यंतर नसते.

ही नळी प्राण वाचविते. तिला दोष देण्याचा माझा हेतू नाही. माझी तक्रार आहे ती तिच्या लांबलेल्या मुक्कामाविषयी. त्वचेतून थेट रक्तात गेलेली ही वाट जंतूंनाही मोकळी असते. डायालिसिस चालू असता हुडहुडी भरून ताप आला, तर तो नळीतील जंतूंचा समजून तत्काळ डॉक्टरांस सांगावे. घरी क्रोसिन देऊन वाट पाहू नये. हे जंतू हृदयाच्या झडपांवर व पाठीच्या मणक्यांतही ठाण मांडतात. नळीत रक्त गोठते, ओघ मंदावतो. गळ्याखालील हाडामागच्या नीलेत नळी राहिली असेल तर ती नीला आकसते, हात सुजतो, आणि त्या हातावर पुढे फिस्च्युला करणे कठीण होते. तात्पुरती सोय कायमच्या सोयीचा मार्ग अडविते ती अशी.

तरीही कुटुंबे शस्त्रक्रिया लांबवितात. "एकदा हातावर शस्त्र चालले की डायालिसिस जन्माचे मागे लागते," ही समजूत मी वडीलधाऱ्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकली आहे. मूत्रपिंड फिस्च्युलेने बिघडत नाही. ते आधीच बिघडलेले असते. क्रिॲटिनीन वाढत चालले असेल, तर धाप लागण्यापूर्वीच डॉक्टरांजवळ हा विषय काढावा.

नळी असेतोवर ती कोरडी ठेवावी, डोक्यावरून स्नान करू नये, तिच्याजवळ कात्री नेऊ नये. आणि ज्या हाताने रोगी लिहीत-जेवीत नाही, त्या हाताच्या शिरा राखून ठेवाव्यात. रक्ततपासणीस वा सलाइनला तो हात पुढे करू नये. परिचारिकेस तसे आधीच सांगावे.