मुलाची भूक तारखेसाठी थांबत नाही

(मालवण येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



घटस्फोटाच्या दाव्यात पक्षकार दोनच असतात. परंतु त्याचा खरा भार वाहणारा तिसरा जीव, म्हणजे मूल, न्यायालयाच्या दप्तरात बहुधा एका ओळीपुरताच उरतो. दावा तीन वर्षे चालो वा सात, तोवर त्या मुलाने जेवायचे कशावर? हा प्रश्न घरगुती म्हणून आपल्या चळवळीने बाजूला ठेवता कामा नये.

कायदा या बाबतीत मुका नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे २६ वे कलम दावा चालू असतानाच मुलांच्या पालनपोषणाचा व शिक्षणाचा अंतरिम आदेश देण्याची मुभा देते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील १२५ वे कलम सर्व धर्मांच्या मुलांना, औरस असोत वा अनौरस, लागू होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाने घेतली आहे. दरमहा ५०० रुपयांची जुनी कमाल मर्यादा २००१ साली रद्द झाली आणि अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असे ठरले.

मग घोडे अडते कुठे? अडते ते ‘नोटीस बजावल्यापासून’ या शब्दांत. नवरा मुंबईत खोली बदलतो, किंवा बेलिफ येतो तेव्हा ‘समुद्रावर गेला आहे’ असे उत्तर मिळते. साठ दिवसांची मोजणी सुरूच होत नाही.

दुसरी अडचण उत्पन्नाची. आपल्या किनाऱ्यावर पगाराची पावती किती जणांकडे असते? नौकेवरचा वाटा रोख मिळतो, पर्यटकांच्या खोल्यांचे भाडे रोख मिळते, आंबा-काजूचा व्यवहारही पुष्कळदा तोंडी होतो. न्यायालयात मात्र प्रत्येक बाप निर्धन असतो! त्यातच जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद, आणि नेमकी जूनमध्ये शाळा सुरू होते. वह्या, गणवेश, छत्री यांचा खर्च बंदीकाळ पाहून येत नाही. मासे विकून किंवा काजू कारखान्यात राबून आईच तो भागवते. आणि ‘ती कमावते ना?’ असा सवाल तिलाच ऐकावा लागतो. आईच्या मजुरीने बापाचे दायित्व संपत नाही.

नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेले एक प्रकरण पाहा. आई व तान्हे मूल यांच्यासाठी सप्टेंबर २०१३ मध्ये अंतरिम पोटगी मागितली गेली, आदेश ऑगस्ट २०१५ मध्ये झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला ४ नोव्हेंबर २०२० रोजी. तान्हे मूल एव्हाना शाळकरी झाले होते. या निकालाने मात्र दोन मोलाच्या गोष्टी दिल्या: पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, आणि दोन्ही पक्षांनी मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र दाखल करावे. म्हणूनच अर्ज एक दिवसही लांबवू नये.

कार्यकर्त्यांचे काम येथे सुरू होते. नौकेची नोंदणी, मच्छीमार सोसायटीकडील डिझेलची नोंद, घराचा उतारा, बँकेचे पासबुक हे पुरावे गावातच असतात. प्रतिज्ञापत्र खोटे ठरवण्यास ते उपयोगी पडतात. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रिया व मुले यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीपर्यंत त्या बाईसोबत चालत जाणे आपल्याला जड नाही. आदेश होऊनही पैसे आले नाहीत तर वसुलीचा अर्ज देय तारखेपासून एका वर्षाच्या आत करावा लागतो, हे तिला आधीच सांगा. थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैदेची तरतूद आहे, हे त्यालाही कळू द्या.

१८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झाले. सिंधुदुर्गाची मुंबईवारी त्यामुळे वाचली. पण मुलाचा पहिला घास तालुक्याच्या न्यायालयातच अडतो. तेथे नोटीस वेळेवर बजावली जावी, आणि आदेशानंतर बाप देईपर्यंत शासनाने रक्कम आगाऊ देऊन ती त्याच्याकडून वसूल करावी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. समतेची भाषा बोलणाऱ्या पक्षाला मुलाच्या ताटापासून दूर उभे राहता येणार नाही.