तोळा, रॅड आणि ग्रे



अशा उकाड्याच्या संध्याकाळी एककांसारखा रूक्ष विषय घेऊन आपल्यापुढे उभे राहणे हे धाडसच आहे. म्हणून आरंभ सोनाराच्या दुकानापासून करतो. आज बाजारात तोळा म्हटला की दहा ग्रॅम समजतात. मूळचा तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमांचा. १९५८ पासून आपल्याकडे दशमान वजने येऊ लागली, नाव राहिले आणि आतला माल बदलला. आजीच्या जुन्या यादीतले पाच तोळे नातवाने आज पन्नास ग्रॅम म्हणून तोलून घेतले, तर आठ ग्रॅमांवर सोन्याला तो मुकेल.

सोन्यातली ही खोट एखादे वेळी सोसता येईल. क्ष-किरणांच्या मात्रेत जुन्या-नव्यातले अंतर शंभरपट आहे, आणि तेथे गाठ जिवाशी आहे.

किरण शरीरात शिरले की आपली काही ऊर्जा तेथे सोडतात. ठरावीक वजनाच्या पदार्थात किती ऊर्जा मुरली, ही झाली शोषित मात्रा. १९५३ साली तिचे एकक ठरले रॅड, म्हणजे ग्रॅममागे शंभर अर्ग. १९७५ साली त्याच्या जागी ग्रे आला, म्हणजे किलोग्रॅममागे एक जूल. लुई हॅरल्ड ग्रे या इंग्रज शास्त्रज्ञाचे हे नाव. एका जुलात एक कोटी अर्ग, एका किलोग्रॅमात हजार ग्रॅम. भागाकार केला की ग्रॅममागे दहा हजार अर्ग येतात. तेव्हा एक ग्रे म्हणजे बरोबर शंभर रॅड. गणित एवढेच!

पण या एका ग्रेचे वजन केवढे, हे आकड्यावरून कळत नाही. सर्वांगावर एकदम सुमारे चार ग्रे मात्रा पडली आणि उपचार झाले नाहीत, तर साधारण निम्मी माणसे काही आठवड्यांत दगावतात. ही ऊर्जा उष्णता म्हणून पाहिली, तर सत्तर किलोच्या माणसाला २८० जूल मिळतात. त्याचे अंग अंशाच्या सुमारे हजाराव्या भागाने तापेल. कढत चहाच्या एका चमच्यातून याहून अधिक उष्णता पोटात जाते! चहाने कोणी मरत नाही, कारण किरण ऊब देऊन थांबत नाहीत. ते पेशींच्या गाभ्यातले रेणू तोडतात. म्हणूनच येथे शंभरपटीची चूक म्हणजे चार रॅड आणि चार ग्रे यांतला फरक. पहिल्याने माणसाला काही जाणवणारही नाही.

आता एक सावधगिरीची गोष्ट. रॅडचा ग्रे करताना नुसते शंभराने भागावे. रॅडचा रेम करताना मात्र किरण कोणते, हे विचारावे लागते. क्ष-किरणांसाठी एका रॅडचा एकच रेम. अल्फा कणांसाठी वीस धरतात, कारण तेवढ्याच ऊर्जेत ते अधिक नासधूस करतात. रेमचा नवा अवतार सीव्हर्ट, १९७९ सालचा. तोही शंभर रेमांचा. राँटगेन तर त्याहून जुना, आणि तो मोजतो हवेत निर्माण झालेला विद्युद्भार. अंगातली मात्रा त्यावरून अजमावावी लागते.

खरी फसगत कोठे होते पाहा. किरणांशी काम करणाऱ्यांसाठी जुन्या पुस्तकांत वर्षाची मर्यादा ५ दिलेली असते. आज आपल्याकडे पाच वर्षांची सरासरी २० धरतात. भोळा वाचक म्हणेल, मर्यादा चौपट सैल केली! प्रत्यक्षात ते ५ रेम होते, म्हणजे ५० मिलिसीव्हर्ट. आणि हे २० मिलिसीव्हर्ट आहेत. मर्यादा अडीचपट आवळली आहे. अमेरिकेच्या नियमांत अद्याप रेम आहेत, तेव्हा हा घोटाळा केवळ जुन्या पुस्तकांपुरता नाही.

डॉक्टरमंडळींनी मात्र एक गमतीची वाट काढली. वर्षानुवर्षे रॅडचे आकडे तोंडी बसलेले, ते सोडवेनात. मग त्यांनी सेंटिग्रे धरला, ग्रेचा शंभरावा भाग, म्हणजे हुबेहूब रॅडच! तोळ्याचे नाव राहून वजन बदलले; येथे वजन तेच राहून नाव बदलले. मला ही युक्ती मनापासून आवडते. आकडा हलवला नाही की चुकण्याची एक जागा कमी होते.

कर्करोगाच्या रोग्याच्या घरी हे पुढे येते. एका कागदावर ५००० असते, दुसऱ्यावर ५०, आणि घरची माणसे घाबरतात. पहिला आकडा सेंटिग्रेचा, दुसरा ग्रेचा, उपचार एकच. आणि चार ग्रेने माणूस मरतो तर पन्नास कसे देतात, असे आपण विचाराल. ते सर्वांगावर देत नाहीत. गाठीवर नेम धरून, रोज दोन ग्रे याप्रमाणे पंचवीस दिवसांत देतात, आणि मधल्या वेळात आसपासच्या निरोगी पेशी स्वतःची बरीचशी डागडुजी करून घेतात.