रक्तातील विषाणू आणि फुप्फुसाचा विकार

बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आपल्या परिचयाचा आहे. सातपुड्याच्या कुशीतून झिरपणारे पाणी भुयारी मार्गाने एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीकडे वाहत येते. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानान यांच्या काळात ही योजना सिद्ध झाली. वरच्या जमिनीवर ओल कितीही दिसो, आत प्रवाह किती आहे हे कुंडीत डोकावल्यावाचून कळत नाही. घशातील विषाणू आणि रक्तात उतरलेला विषाणू यांचेही असेच आहे.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत करोनाच्या साथीने कहर केला, तेव्हा घरोघरी एकच प्रश्न होता: सीटी किती आली? या एका नावाच्या दोन गोष्टी होत्या. एक छातीचे यंत्राने घेतलेले चित्र. दुसरी घशातील स्रावाच्या तपासणीत मिळणारी संख्या. या तपासणीत विषाणूचे जनुकद्रव्य प्रत्येक फेरीत सुमारे दुप्पट केले जाते. ते दृग्गोचर होण्यास जितक्या कमी फेऱ्या लागतील, तितका नमुन्यात विषाणू अधिक. म्हणून संख्या लहान आली की माणसे हबकत. परंतु या संख्येवरून रोगाची तीव्रता ठरवू नये, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ऑगस्ट २०२० मध्येच सांगितले होते. नमुना कोणत्या दिवशी आणि कसा घेतला, एवढ्यानेही ती संख्या बदलते.

रक्ताची साक्ष निराळी असते. फुप्फुसात असंख्य सूक्ष्म वायुकोश आहेत. त्यांतील हवा आणि रक्त यांच्यामधील पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. बहुतेकांच्या शरीरात विषाणूला नाकाघशातच अटकाव होतो. काहींच्या बाबतीत तो खाली उतरतो, वायुकोशांना सूज आणतो, पडदा जर्जर करतो. मग त्याचे जनुकद्रव्य रक्तात पाझरते. स्पेनमधील व अमेरिकेतील बोस्टन येथील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, अत्यवस्थ रुग्णांच्या रक्तात हे द्रव्य अधिक वेळा व अधिक प्रमाणात आढळले. २००३ च्या सार्स साथीतही असाच संबंध दिसला होता.

मात्र येथे घाईने निष्कर्ष काढू नये. रक्तात सापडणारे जनुकद्रव्य म्हणजे जिवंत विषाणूच, असे नव्हे. पुष्कळदा ते त्याचे अवशेष असतात. धूर दिसला की आग असावी हे खरे. पण धुरानेच घर जळाले, असे आपण म्हणत नाही. पडदा फुटल्याने विषाणू रक्तात आला, की रक्तात आल्याने इतर अवयव बिघडले, हे दोन्ही एकमेकांत गुंतलेले असते. शिवाय शरीराची प्रतिकारशक्ती बेभान होऊन स्वतःच्याच फुप्फुसावर उलटते, हाही या आजाराचा मोठा भाग आहे.

म्हणूनच औषधाची वेळ महत्त्वाची ठरते. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत दिसले की, डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने कृत्रिम श्वासोच्छ्वासावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने, तर केवळ प्राणवायू लागणाऱ्यांचे एक-पंचमांशाने घटले. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना मात्र लाभ झाला नाही. विषाणू वाढत असताना प्रतिकार दडपणे म्हणजे चोर घरात असता पहारेकऱ्याला झोपविणे होय. तरीही २०२१ मध्ये कित्येकांनी पहिल्याच दिवसापासून मनानेच स्टेरॉइड घेतले. त्या वर्षी महाराष्ट्रात व मध्य प्रदेशात काळ्या बुरशीचा जो उद्रेक झाला, त्यामागे मधुमेहाबरोबर हा अविचारही होता.

रक्तातील विषाणू मोजण्याची सोय सामान्य दवाखान्यात नसते. पण त्यावाचून आपले अडत नाही. बोटाला लावायचे प्राणवायूमापक यंत्र फुप्फुसाच्या पडद्याची वार्ता पुष्कळशी देते. आकडा ९४ च्या खाली गेला, अथवा खोलीतल्या खोलीत थोडे चालताच उतरू लागला, तर दम लागत नसला तरी तत्काळ वैद्यकीय साहाय्य घ्यावे. या रोगात प्राणवायू गुपचूप घटतो. यंत्रमागावर कापसाच्या धुळीत राबणाऱ्यांनी, मधुमेह्यांनी आणि वृद्धांनी तर रावेर-भुसावळ की खंडवा, या विचारात रात्र घालवू नये. जवळचे रुग्णालय गाठावे. कागदावरच्या संख्येची चर्चा मागाहूनही करता येते.