छर्ऱ्याची बंदूक : निवड आणि निगा



बंदूक हा शब्द कानीं पडतांच घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठी पडते, आणि ती पडावी हें योग्यच आहे. परंतु आज मी ज्या बंदुकीविषयीं बोलणार आहें, तिच्यांत दारू नाहीं, धूर नाहीं, काडतूसहि नाहीं. तिच्या पोटांत एक पोलादी स्प्रिंग असते. बाकी सारें काम हवेचें. मुलें तिला एअरगन म्हणतात, आपण छर्ऱ्याची बंदूक म्हणूं. कागदी लक्ष्यावर दहा मीटरांवरून नेम धरणें, एवढाच तिचा उपयोग माझ्या डोळ्यांपुढें आहे.

प्रथम तिची रचना पाहूं. नळी सांध्यावर मोडून खालीं ओढली म्हणजे मागच्या नळकांड्यांतील दट्ट्या मागें सरतो, स्प्रिंग दाबली जाते व दट्ट्या खटक्यांत अडकतो. मग नळीच्या मागच्या तोंडांत छर्रा बसवून नळी सरळ करावयाची. चाप ओढतांच दट्ट्या वेगानें पुढें धांवतो, त्याच्या पुढील हवा एकदम दाबली जाते आणि बारीक छिद्रांतून निघून छर्ऱ्यास ढकलते. दट्ट्या पुढें निघाला कीं बंदूक मागें येते. तो शेवटास जाऊन थांबला कीं ती पुढें झेंपावते. हा दुहेरी हिसका छर्रा नळींतून बाहेर पडण्यापूर्वींच सुरू झालेला असतो. म्हणूनच ही बंदूक दिसावयास सोपी, पण नेमास अवघड आहे.

आतां निवड. दुकानदार प्रथम बंदुकीचा जोर सांगतो, आणि मुलांनाहि तोच ऐकावयाचा असतो. कागदास भोंक पाडण्यास जोर तो किती लागणार? अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदास १७० मीटर वेगानें निघाला तर त्याची शक्ति सुमारें ७ जूल भरते, आणि दहा मीटरांस ती पुरून उरते. आपल्या देशांत २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणें ४.५ मिलिमीटरपेक्षां मोठ्या नळीच्या किंवा २० जूलपेक्षां अधिक शक्तीच्या हवेच्या बंदुकीस परवाना लागतो. तेव्हां ४.५ मिलिमीटरची, म्हणजे १७७ बोअरची, मध्यम जोराची बंदूक घ्यावी, आणि पावती जपून ठेवावी.

जोर सोडून चार गोष्टी पाहाव्या. बंदूक खांद्यास लावली असतां गाल दस्त्यावर सहज टेकला पाहिजे. नळी ओढण्यास मुलास धडपड करावी लागूं नये. बंद केलेली नळी सांध्यापाशीं डावीउजवीकडे हलूं नये. ती हलत असेल तर दुसरी बंदूक मागावी. आणि चाप असा असावा कीं, प्रथम थोडा सैल सरकावा, मग एका जागीं अडल्यासारखा वाटावा, व तेथून हलक्या दाबानें सुटावा. दुर्बीण घेण्याची घाई करूं नये. वर सांगितलेल्या दुहेरी हिसक्यानें साध्या दुर्बिणी खिळखिळ्या होतात, आणि दहा मीटरांस माशी व मागचा खांचा पुरेसा आहे.

येथें माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतों. माझ्या चौदा वर्षांच्या नातवास अशी बंदूक घेऊन दिली. पहिले कांहीं दिवस बरे गेले. नंतर कागदावर भोकें मुठीनें दाणे फेंकावे तशीं विखरूं लागलीं. आयुष्यभर मुलांना शिकविलेला मी! मीं निदान तात्काळ केलें : हात अस्थिर, चित्त चंचल. रोज बोललों. पोर मुकाट्यानें ऐके. शेवटीं त्यानें बंदूक कपाटावर ठेवून दिली. तेव्हां एका दुकानदाराच्या सल्ल्यावरून मीं तींत अधिक कडक स्प्रिंग घालून आणली. हिसका वाढला आणि भोकें अधिकच पांगलीं.

एके दुपारीं बंदूक पुसतांना दस्त्याचा एक स्क्रू बोटानेंच फिरला. दुसरा पाहिला, तोहि सैल. दोन्ही नीट आवळले आणि त्यास हांक मारली. पांच छर्रे त्यानें टाकले. पांचहि एका रुपयाखालीं झांकतील इतके जवळ पडले. मीं म्हटलें, “अरे, चूक तुझी नव्हती. मीं तुला उगाच बोललों.” तो क्षणभर थांबून म्हणाला, “आजोबा, मग ती पहिलीच स्प्रिंग परत घालूं या ना.” ती एका कुशल कारागिराकडून पुन्हा बसवून घेतली. हत्याराचा दोष मुलाच्या माथीं मारण्यापूर्वीं हत्यार तपासावें, हा धडा मला निवृत्तीनंतर मिळाला.

म्हणून बंदूक सुधारण्याचा क्रम असा ठेवावा. प्रथम दस्त्याचे सगळे स्क्रू आवळावे, व दर बैठकीपूर्वीं पाहावे. दुसरें, धरणें. हिला करकचून आवळूं नये. डाव्या तळव्यावर नुसती टेकूं द्यावी, उजवी पकड हलकी असावी, आणि प्रत्येक वेळीं हात त्याच जागीं असावा. बंदुकीस दर वेळीं सारखाच हिसका घेऊं द्यावा, यांत सारें रहस्य आहे. तिसरें, छर्रे. कागदावर स्वच्छ गोल भोंक पाडतात ते चपट्या तोंडाचे. दोनतीन प्रकार आणून प्रत्येकाचे पांच पांच टाकून पाहावे व ज्याचीं भोकें जवळ पडतील तो प्रकार कायम करावा. चौथें, भोकें एकत्र पडूं लागल्यावरच मागचा खांचा हलवावा. छर्रा ज्या बाजूस न्यावयाचा त्याच बाजूस तो सरकवावा.

तेलाचा मोह आवरावा. दट्ट्यापुढील जागेंत साधें तेल गेलें तर दाबलेल्या हवेच्या उष्णतेनें तें पेट घेतें, मोठा आवाज होतो आणि स्प्रिंग व दट्ट्याचें वायसर खराब होतें. छर्रा न घालतां चाप कधींहि ओढूं नये, दट्ट्या आदळतो. बंदूक स्वतः उघडूंहि नये. आंतली स्प्रिंग दाबलेल्या स्थितींतच बसविलेली असते व ती तोंडावर उसळते.

दहा मीटरांची हवेची बंदूक १९८४ सालीं लॉस एंजेलिस येथें ऑलिंपिकमध्यें आली. तिच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा बिंदु अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. २००० सालीं सिडनीस आपल्या मुंबईच्या अंजली भागवत या स्पर्धेच्या अंतिम फेरींत पोंचल्या, आणि २००८ सालीं बीजिंग येथें अभिनव बिंद्रा यांनीं सुवर्णपदक मिळविलें. आजच्या स्पर्धांतील बंदुका भरून ठेवलेल्या हवेवर चालतात व त्यांना हिसका जवळजवळ नसतो. पण त्यापूर्वीं जर्मनींतील फाइनवेर्कबाउ कारखान्यानें स्प्रिंगच्याच बंदुकीचा सांगाडा दस्त्यावर मागें सरकेल अशी युक्ति करून तो हिसका नेमबाजाच्या खांद्यापर्यंत पोंचूं दिला नव्हता. त्यांनीं हिसक्याशीं झुंज न घेतां त्याला वाट करून दिली. आपण सैल हातानें साधतों तें हेंच.

शेवटीं सावधगिरी. हें खेळणें नव्हे. डोळा जाण्यास एक छर्रा पुरे. लक्ष्यामागें दगडी भिंत नको, छर्रा उलटतो. दाबून भरलेल्या वर्तमानपत्रांची जाड पेटी ठेवावी. डोळ्यांस चष्मा असावा, मोठें माणूस जवळ असावें, नळी उघडी असतांना बोट चापाजवळ जाऊं नये. छर्रे शिशाचे, तेव्हां हात धुतल्यावांचून खाऊं नये. आणि पांखरांवर नेम कदापि नको. सालीम अलींनीं लहानपणीं अशाच बंदुकीनें पाडलेली पिवळ्या कंठाची चिमणी ओळख पटविण्यासाठीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटींत नेली, आणि तेथून त्यांचें जन्माचें कार्य सुरू झालें. तो काळ निराळा होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तशी चिमणी मारणें हा गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी कागदावरील बिंदूनें ज्याचें समाधान होत नाहीं, त्याच्या हातीं बंदूक न देणेंच बरें.

माझा नातू आतां बैठकीपूर्वीं प्रथम स्क्रू पाहतो, आणि मग माझ्याकडे पाहून हंसतो.