एका वेळी एकच बदल
(वार्षिक संमेलनातील भाषण)



शेतात खाडीचे पाणी शिरले की पीक बुडते, हे आपण वसईकर जाणतोच. याचे कारण मी एकदा वर्गात विचारले. "मीठ बाधते," असे मुले म्हणाली. हे झाले गृहीतक. ते पारखावयास प्रयोग हवा. दोन सारख्या कुंड्या घ्याव्या. माती, मूग, ऊन, पाणी समान ठेवावे. भेद केवळ मिठाचा. जे बदलते ते चल. दोन चल एकदम बदलले तर परिणाम कोणाचा, हे कळत नाही.

मुंबईत प्लेग असता डॉ. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांस ती दिली. जागा एकच, अन्न एकच. म्हणूनच लस घेतलेल्यांची इतरांशी तुलना करता आली व लसीचा गुण दिसून आला.

माझ्या वर्गात मात्र एका मुलाच्या खाऱ्या कुंडीतही मूग रुजले. "चुकलास" म्हणून मी त्याचे उत्तर खोडले. पुढे कळले, त्याने मीठ चिमूटभरच घातले होते. किती घालावे हे मीच सांगितले नव्हते. त्याने जे पाहिले तेच लिहिले होते. चूक माझी होती.

पालकहो, अनपेक्षित उत्तर खोडण्यापूर्वी "तू काय केलेस?" एवढे विचारा. त्या विद्यार्थ्याची क्षमा मागावयाची राहून गेली. ती आज आपणांसमक्ष मागतो.