निवृत्तीची पुंजी आणि दीड टक्का

(ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



मी अर्थतज्ज्ञ नाही. कला शाखेचा पदवीधर. उभी हयात वृत्तपत्रात गेली. गुंतवणुकीवर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की टाळे लागलेल्या संस्थांपुढच्या ठेवीदारांच्या रांगा मी बातमीदार म्हणून पाहिल्या, आणि त्यांतल्या एका रांगेत माझे वडील उभे होते.

वडील खाजगी कारखान्यात हिशेबनीस होते. आयुष्यभर दुसऱ्याचा पैन् पै हिशेब चोख ठेवला. २००३ साली निवृत्त झाले, तेव्हा भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची जवळजवळ सगळी रक्कम त्यांनी गावातल्या एका पतसंस्थेत ठेवली. बँकेपेक्षा दीड टक्का व्याज अधिक. शिवाय संचालकांपैकी दोघे रोज सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला येणारे. माणसे वाईट नव्हती. कर्जे थकली आणि संस्था बसली. मुद्दलाचा काही भाग तुकड्यातुकड्याने मिळाला, पण तोवर आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया दोन वर्षे लांबली होती.

१९६० साली केरळातील पालाई सेंट्रल बँक कोसळली. त्यानंतर आपल्याकडे ठेवींना विम्याचे कवच देणारा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून तो अमलात आला. तेव्हा मर्यादा होती दीड हजार रुपये. १९९३ मध्ये ती एक लाख झाली आणि फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख. या पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही येतात. एकाच बँकेच्या चार शाखांत आपल्या नावाच्या चार पावत्या असल्या, तरी त्यांची बेरीज करून मर्यादा एकच धरली जाते. नागरी सहकारी बँकांना हे कवच आहे, पतसंस्थांना नाही. 'सहकारी' हा शब्द मात्र दोन्ही पाट्यांवर सारखाच झळकतो. वडिलांना हा फरक ठाऊक नव्हता. खरे सांगायचे तर मलाही नव्हता, आणि मी बातमीदार होतो!

म्हणून सगळे मुदत ठेवींतच कोंडून ठेवावे, असेही नाही. महागाई सहा टक्के धरली, तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. साठाव्या वर्षी तीस हजारांत चालणारे घर बहात्तराव्या वर्षी साठ हजार मागते, चौऱ्याऐंशीव्या वर्षी एक लाख वीस हजार. तेव्हा सात-आठ वर्षे ज्याला हात लावावा लागणार नाही, तेवढाच पैसा समभागांच्या म्युच्युअल फंडात असावा. दरमहाच्या खर्चासाठी २००४ साली सुरू झालेली ज्येष्ठ नागरिक बचत योजना मला बरी वाटते. व्याज तिमाहीला हाती येते, पाठीशी सरकार आहे आणि एप्रिल २०२३ पासून तीत तीस लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. बासष्टाव्या वर्षी वीस वर्षांची विमा पॉलिसी गळ्यात मारणाऱ्या भाच्याला मात्र चहा पाजावा आणि प्रेमाने निरोप द्यावा.

आणखी एक. घरातल्या गृहिणीला पावत्या कुठे आहेत, नामनिर्देशन कुणाचे आहे, हे माहीत असते का? वडील गेले तेव्हा आईला बँकेची स्लिपही भरता येत नव्हती. आज तिची तीन बँकांत खाती आहेत. दर तिमाहीला ती मुद्दल आणि व्याज वहीत मांडते, आणि बेरीज पाच लाखांजवळ आली की मला फोन करते, "अरे, ही पावती आता दुसरीकडे हलवायला हवी."